सहा कनाती लांब, तीन कनाती रुंद

बाराव्या दिवशीही बद्रीनाथनं चहा अंगणातल्या नळापाशी उभ्यानंच घेतला. कप कठड्यावर ठेवला, मिशा पुसल्या आणि घरात कुणाकडं न बघता जिन्याखाली आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसला. मशीनवर कागदाची पुडी होती, पुडीत बीपीची गोळी. बारा दिवसांत तो सुलेखाशी एक शब्द बोलला नव्हता आणि बारा दिवसांत तिनं गोळी ठेवायचं चुकवलं नव्हतं. गोळी तो घ्यायचा. रिकामी पुडी मात्र अशा जागी टाकायचा की सुलेखाला ती दिसलीच पाहिजे.

आज त्यानं पुडी न उघडताच खिशात टाकली. स्वयंपाकघराच्या दारातून सुलेखानं ते पाहिलं.

"मंजू, नानांनी आज गोळी नाही घेतली गं."

"घेतील. दुपारपर्यंत त्यांचं प्रेशर आपण एवढं वाढवणार आहोत की दोन घ्याव्या लागतील," मंजुषा म्हणाली. बद्रीनाथची एकुलती एक पोरगी ती, बापाचा राग तिला लहानपणापासून पाठ होता. तिच्या हातात फाइल होती आणि सकाळपासून ती फाइल तिनं निदान आठ वेळा उघडून मिटली होती.

सुलेखा बद्रीनाथच्या थोरल्या भावाची, रामकिसनची सून. नालबंदपुऱ्यात आशा सेविका म्हणून काम करायला लागून तिला नऊ वर्षं झाली होती. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं लेकरू वजनात कमी भरतंय, कोणत्या म्हातारीनं साखरेची गोळी सोडून परस्पर कडुनिंबाचा रस सुरू केलाय, सगळं तिला तोंडपाठ. महापालिकेचा दवाखाना गल्लीच्या टोकाला भाड्याच्या घरात चालायचा. घरमालकाला इमारत पाडून नवी बांधायची होती. एकतीस मार्चला जागा खाली करून द्या, असं त्यानं लेखी कळवलं होतं. पुऱ्यात दुसरी जागा नाही म्हणून दवाखाना रेल्वे लाइनीपलीकडं, दोन रिक्षा बदलून जावं लागेल अशा ठिकाणी हलवायचं घाटत होतं. सुलेखाच्या वहीत सध्या एक्केचाळीस गरोदर बायका होत्या. त्यातल्या किती जणी दोन रिक्षा बदलतील, हे तिला न मोजताही ठाऊक होतं.

जागा मात्र होती. त्यांचीच. दवाखान्यापासून शंभर पावलांवर घरचं मंडपाचं गोदाम. एकेकाळी गुलमंडीपासून गंगापूरपर्यंत कुठंही लग्न असो, कनाती, म्हणजे मांडवाच्या कापडी भिंती, या घरच्या. आता लॉनवाले स्वतःचंच डेकोरेशन ठेवतात. गोदामात बांबू, छतं आणि कनाती धूळ खात पडल्या होत्या. गोदाम रामकिसन-बद्रीनाथच्या आईच्या, मनकर्णाबाईच्या नावावर. सुलेखानं एका संध्याकाळी आजेसासूचे पाय चेपता चेपता विषय काढला आणि म्हातारीनं दुसऱ्या दिवशी सकाळी संमतीपत्रावर सही ठोकली. रामकिसननंही मान डोलावली. बद्रीनाथला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नव्हतं, आणि न विचारल्यामुळं आता नाही म्हणायला त्याच्याकडं एकदम चांगलं कारण होतं. त्यानं गोदामाची किल्ली खिशात घातली. महापालिकेचे अभियंते पाहणीला आले, कुलपाकडं बघून गेले.

"बद्री," रामकिसन जिन्यापाशी येऊन उभा राहिला. धुतलेलं धोतर, वर कोट, मार्चच्या उन्हात. "अकराला बैठक हाय. येतो का?"

"माझी सही लागत नाय, माझा सल्ला लागत नाय. मग माझं तोंड काहून लागतंय तिथं?"

"आसं नको बोलू. तू धाकटा हायेस."

"धाकटा हाय म्हनूनच तर. थोरल्यानं गोदाम देऊन टाकायचं अन् धाकट्यानं टाळ्या वाजवायच्या. त्या कनाती कुठं नेऊ मी? पंचेचाळीस वर्सं शिवल्या. उशाला घेऊन झोपू?"

उत्तर आलं ते आतून, पडद्यापलीकडून. घराच्या हॉलचे दोन भाग करायला एक जुनी लाल-पिवळी कनात बांधलेली होती, तिच्यामागं मनकर्णाबाईची कॉट.

"बद्र्या, किल्ली दे."

"किल्ली सापडंना, माय."

"खिशात बघ. वाजायलीय."

मंजुषा तोंडावर ओढणी घेऊन हसली. सुलेखालाही हसू आवरलं नाही, आणि नेमकं तेव्हाच बद्रीनाथनं वळून बघितलं. तो उठला, चपला घातल्या आणि ताडताड बाहेर गेला.

"झालं," सुलेखा म्हणाली. "मामा, मी चुकले का? घर फोडलं का मी?" सासऱ्याला ती मामाच म्हणायची.

"आज पास झालं तर नाय फोडलं," रामकिसन म्हणाला. हे बोलून आपण पोरीला धीर दिला असं त्याला वाटत होतं.

बाहेर गल्लीत तोवर आवाज सुरू झाला होता. दवाखान्याच्या अख्तरी सिस्टर तीन रिक्षा घेऊन आल्या होत्या आणि तिन्ही भरल्या होत्या. "अगे सुलेखा, चल ना! कायकू देर कररी? मेरेकू रातभर नींद नै आई," त्या ओरडल्या. पोटुशा, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्या होत्या. सुलेखाचा जीव हरखून गेला. मनकर्णाबाई काठी टेकत आली, पुढच्या रिक्षातल्या दोघींना मागं पाठवलं आणि ड्रायव्हरशेजारी बसली.

"आजी, तिथं बसू देत नाहीत," मंजुषा म्हणाली.

"कोन देत नाय ते बघतेच मी," म्हातारी म्हणाली.

०

प्रभाग समितीच्या सभागृहात पंखे कमी आणि माणसं जास्त होती. इतकी वर्षं प्रशासक होता. निवडणूक होऊन नवे नगरसेवक बसल्यावरची ही दुसरीच बैठक, त्यामुळं बोलायची हौस सगळ्यांनाच दांडगी. विषय क्रमांक एक, गटारीवरची झाकणं, यावरच पाऊण तास गेला. मंजुषाला एका जागी बसवत नव्हतं. अर्ज तिनं भरला होता, नकाशा तिनं जोडला होता. बी.कॉम. होऊन दोन वर्षं ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती, पण खऱ्या सरकारी कागदावर तिचं अक्षर पहिल्यांदाच उमटलं होतं.

तिनं सहज मागं बघितलं आणि वहिनीला कोपरानं ढोसलं. शेवटच्या रांगेत, दाराशी, नाना बसलेले. हाताची घडी, नजर छताकडं.

"आले तर," सुलेखा कुजबुजली.

"हरकत घ्यायला आलेत. वरच्या खिशात कागद दिसतोय बघ."

"विषय क्रमांक सात," सभापती मॅडमनी घंटी वाजवली. "नालबंदपुरा आरोग्य केंद्राचं स्थलांतर."

मागच्या तीन रांगांतल्या बायका एकदम उठून उभ्या राहिल्या. शिपाई बसा बसा म्हणाला. त्या बसल्या, पण खुर्च्यांच्या टोकावर.

लाइनीपलीकडच्या भागाचे नगरसेवक आधी बोलले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडं इमारत तयार होती, सात महिन्यांपासून रंग देऊन बंद होती, आणि त्यांच्याही लोकांना दवाखाना हवा होता. "मॅडम, पंखे लागलेत, नळ लागलेत. तयार जागा सोडून गोदामात दवाखाना? लोक हसतील आपल्याला."

"पंखे आहेत, पेशंट कुठून आणणार?" नालबंदपुऱ्याचे नगरसेवक बासितभाई ताडकन उभे राहिले. वय तिशीचं, निवडून येऊन तीन महिने झालेले, त्यांचा उत्साह अजून उतू जात होता. "तुमच्याकडं नवा दवाखाना मागा, मी स्वतः हात वर करतो. पण आमचा उचलून नेऊ नका. मॅडम, सिस्टरना दोन मिनिटं बोलू द्या."

अख्तरी सिस्टर माइकपाशी गेल्या. दवाखान्यात शंभर जणांवर ओरडणाऱ्या बाईचा आवाज इथं आधी बारीकच निघाला.

"मॅडम, हमारे यहाँ बुधवारी डोस असतात. बाई येते तेव्हा एक कडेवर, एक हाताला, एक पोटात. शेजारीण चुलीवर लक्ष ठेवते तेवढ्या वेळात ती येऊन जाते. दोन रिक्षा बदलून ती नाही येणार. डोस चुकणार. मग आम्ही रजिस्टरमध्ये लिहिणार, गैरहजर." आता त्यांचा आवाज चढला. "वो गैरहजर नै है, मॅडम. हमने दूर कर दिया उसको."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळीकडून टाळ्या सुरू झाल्या. लाइनीपलीकडचे नगरसेवकही दोन बोटांनी टेबल वाजवत होते. झालं, जिंकलो, असं मंजुषाला वाटलं. वहिनीनं तिचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती.

"अभियंत्यांचा अभिप्राय?" सभापती म्हणाल्या.

उपअभियंता उठले. त्यांनी चष्मा लावला आणि थंडपणे वाचलं. "पाहणीच्या दिवशी कुलूप असल्यानं आतून मोजणी झालेली नाही. मालकांच्या अर्जातली मापं गृहीत धरली आहेत. लांबी बहात्तर फूट, रुंदी छत्तीस. क्षेत्रफळ दोन हजार पाचशे ब्याण्णव चौरस फूट. या केंद्राला किमान साडेतीन हजार लागतात. सबब जागा अपुरी आहे. प्रस्ताव विचारात घेता येणार नाही."

"म्हणजे काय?" मागून मनकर्णाबाईनं विचारलं.

"जागा कमी पडते, आजी."

"त्या गोदामात दोन ट्रक उभे राहून वर लग्नाची पंगत बसली होती!"

लोक हसले. अभियंत्यांनाही हसू आलं, पण त्यांनी फाइल मिटली. सभापतींनी रामकिसनकडं बघितलं. "मापं बरोबर आहेत का?"

रामकिसन उठला. माइक, एवढी माणसं, अंगातला कोट. आकडा ऐकताना त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. जन्मभर त्यानं फुटांत विचारच केला नव्हता. "सहा कनाती लांब, तीन कनाती रुंद," तो म्हणाला. "एवढं मला ठाव. फुटाचं पोरीनं केलंय."

"कुणी?"

मंजुषा उभी राहिली. "मी मॅडम. गोदामाची किल्ली... सापडत नव्हती. म्हणून मोठ्या बाबांना विचारलं, त्यांनी कनातीत सांगितलं. मग घरची कनात टेपनं मोजली. बारा फूट भरली. सहा बारे बहात्तर, तीन बारे छत्तीस." तिनं हिशेब पुन्हा मनात केला. पुन्हा तेवढाच आला. "चुकलं असेल तर माझं चुकलंय. वहिनीचं काही नाही यात."

"चुकलं नाहीये, बेटा," सभापती मऊपणे म्हणाल्या. "जागाच तेवढी आहे, त्याला तू काय करणार?"

ते ऐकून मंजुषाला रडूच फुटलं.

०

बद्रीनाथला पहिल्याच आकड्याला कळलं होतं.

बहात्तर. सहा बारे. बारा फुटांची कनात या घरानं कधी शिवलीच नव्हती. कनात पंधरा फुटांची, त्याच्या बापानं, अप्पारावनं घालून दिलेलं माप. नव्वद बाय पंचेचाळीस. चार हजार पन्नास. हे सगळं अभियंत्यानं चष्मा काढायच्या आत त्याच्या डोक्यात झालं होतं, आणि त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

काही करायचंच नव्हतं त्याला. वरच्या खिशातला हरकतीचा कागदसुद्धा काढायची गरज नव्हती. गप्प बसायचं, एवढंच. प्रस्ताव आपोआप पडत होता, गोदाम राहत होतं, कनाती राहत होत्या, आणि त्याच्यावर कुणी बोटही ठेवू शकलं नसतं. बारा दिवस ज्याची वाट बघितली ते आयतं पदरात पडत होतं. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता. छाती मात्र धडधडत होती, आणि खिशात हात घातला तर किल्लीबरोबर पुडी हाताला लागली.

बारा फूट. घरची कनात.

ती बापानं शिवलेली पहिली कनात. घरातल्या लेकीच्या लग्नात मांडवाला पहिली तीच लागायची. आणि पाठवणीच्या वेळी तिच्या टोकाची हातभर पट्टी फाडून लेकीच्या ओटीत घालायची, माहेरची सावली म्हणून. गावात दुसऱ्या कुणाकडं ही रीत नव्हती, मंडपवाल्याच्या घरातच निघावी अशी ती होती. बहीण भागूबाई गेली तेव्हा बापानं पट्टी फाडली. दादाची सरिता गेली तेव्हा बापाचे हात थरथरत होते, म्हणून बद्रीनाथनं फाडली. दोन लेकी, दोन हात, तीन फूट. टोक पुन्हा दुमडून, काठीची खोळ पुन्हा बसवून त्यानंच ते शिवलं होतं. इतकं सफाईनं की बघणाऱ्याला ती कापलेली आहे हे कळू नये. मंजूला कळलं नव्हतं. त्याच्याच कारागिरीनं त्याच्या पोरीला फसवलं होतं.

आणि किल्ली दिली असती तर पोरगी गोदामच मोजून आली असती.

पुढं मंजुषा उभी होती, डोळे पुसत. तिची पट्टी अजून फाडायची होती. सुलेखा तिच्या पाठीवर हात फिरवत होती आणि स्वतःही रडत होती. रडता रडता तिनं मागं वळून त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बद्रीनाथ बसून राहिला असता. राग नव्हता. नानांनी गोळी घेतली का, एवढंच ती बघत असावी, आणि ती तसलीच बाई होती.

"विषय क्रमांक सात, स्थलांतराचा मूळ प्रस्ताव..." सभापतींनी घंटीकडं हात नेला.

"थांबा!"

स्वतःचाच आवाज ऐकून बद्रीनाथ दचकला. सगळं सभागृह वळलं.

"आपण कोण?"

"बद्रीनाथ. ह्या पोरीचा बाप, अन् त्या म्हातारीचा पोरगा." तो मधल्या वाटेनं चालत पुढं आला. "माप चूक हाय. पोरीचं नाय चुकलं, कनातीचं चुकलं. ती कनात आखूड हाय. आमच्या लेकी घेऊन गेल्यात तीन फूट."

"काय घेऊन गेल्या?" अभियंता गोंधळले.

मग त्यानं सांगितलं. माइक नको म्हणाला, तसंच मोठ्यानं सांगितलं. अप्पारावचं माप, भागूबाईची पट्टी, सरिताची पट्टी. मागच्या रांगेत मनकर्णाबाई काठी आपटत होती. "व्हय! व्हय की! भागीच्या येळंला मीच ओटी भरली!" बायका हसत होत्या, डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदम चाललं होतं. रामकिसननं कपाळावर हात मारून घेतला. "आरं देवा, पंधरा! पंधराची आस्ती कनात!"

"नव्वद बाय पंचेचाळीस," बद्रीनाथ म्हणाला. "एक इंच कमी भरलं तर कान धरून उभा राहतो इथं."

"पण तोंडी कसं मान्य करायचं?" अभियंता म्हणाले. "आत जाऊन मोजावं लागेल. किल्ली सापडत नाही म्हणालात."

बद्रीनाथनं खिशातून मूठ काढली आणि सभापतींच्या टेबलावर उघडली. किल्ली खणकन पडली. तिच्याबरोबर चुरगळलेली पुडीही पडली.

"हे काय?" सभापती म्हणाल्या.

"बीपीची गोळी. सूनबाईनं दिलेली." तो जरा ओशाळला. "सकाळची राहिली."

सभापती मॅडमनी आपला पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. सगळ्या सभागृहासमोर बद्रीनाथनं गोळी तोंडात टाकली, घटाघटा पाणी प्यायला, आणि अशा टाळ्या पडल्या की विषय क्रमांक आठसाठी बाहेर थांबलेले लोक काय झालं ते बघायला आत आले.

अभियंत्यांचं मात्र काम संपलं नव्हतं. चांगले अभियंते होते ते. "जागा भरली असं समजू. पण आत नुसतं मोकळं गोदाम. तपासणीला आडोसा पाहिजे, लसीकरण वेगळं, औषधं वेगळी. भिंती घालायच्या तर निविदा, त्यात तीन महिने. एकतीस मार्चला बाहेर पडून तीन महिने कुठं बसणार?"

सुलेखानं डोळे मिटले. इतक्या जवळ येऊन.

"किती खोल्या पाहिजेत?" बद्रीनाथनं विचारलं.

"सहा तरी."

"तासाभरात देतो."

"अहो, भिंती..."

"सायेब, पाचशे मानसांचा मुदपाकखाना, नवरीची खोली, नवरदेवाची खोली, आहेर ठेवायची खोली, हे मी उघड्या माळावर रातभरात उभं केलंय. तुमच्या इथं तर छप्पर हाय." त्याचा आवाज आता चांगलाच चढला होता, आणि त्यात राग कुठंच नव्हता. "तुमच्या भिंती व्हायच्या तवा व्हतील. तवर कनाती माझ्या. धुऊन, इस्त्री करून."

सभापतींनी दोन्ही बाजूंच्या नगरसेवकांकडं बघितलं. लाइनीपलीकडच्यांनी खांदे उडवले आणि हसून मान हलवली. "आमच्या नव्या दवाखान्याला बासितभाई हात वर करणार असतील, तर माझी हरकत नाही."

"दोन्ही हात!" बासितभाई म्हणाले.

"चार वाजता मोजणी," सभापती म्हणाल्या. "माप भरलं आणि खोल्यांची सोय समाधानकारक वाटली, तर गोदामाचा प्रस्ताव मंजूर समजावा." आणि घंटी वाजवली.

०

चार वाजायच्या आधीच गोदामासमोर अर्धा पुरा जमला होता. कुलूप गंजलं होतं. बद्रीनाथनं त्यात तेल सोडलं, दोन हिसके दिले, आणि दाराचे पल्ले करकरत उघडले. बंद कापडाचा आणि डांबरगोळ्यांचा वास बाहेर आला. सुलेखा लग्न होऊन आली त्या वर्षी या गोदामात रोज दहा माणसं कामाला असायची. तिला एकदम ते आठवलं.

अभियंत्यांचा माणूस टेपचं टोक घेऊन आत गेला. दुसरं टोक मंजुषानं मागून घेतलं. टेप ताणली गेली. रामकिसन तर भिंतीला हात लावून उभा होता, जणू ती मागं सरकली तर धरायला.

"नव्वद फूट," मंजुषा वाचत होती, आणि तिचा आवाज फुटत होता. "नव्वद फूट दोन इंच!"

"दोन इंच जास्तीचे बापाचे," बद्रीनाथ म्हणाला. "तो नेहमी हात राखून बांधायचा."

रुंदी पंचेचाळीस भरली. अभियंत्यांनी कागदावर लिहिलं, पुन्हा गुणलं, पेन खिशाला लावलं. "जागा पुरेशी आहे," ते म्हणाले. गल्लीत एकच गिल्ला झाला. अख्तरी सिस्टरनी सुलेखाला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी बांबूंच्या ढिगावर जाऊन बसल्या.

"आता तुमच्या खोल्या," अभियंता घड्याळ बघत म्हणाले.

मग सुलेखानं आपल्या चुलत सासऱ्याला काम करताना बघितलं. कितीतरी वर्षांनी. साठीचा माणूस, पण नुसता हात करायचा आणि रामकिसन बांबू पुढं करायचा. दोघा भावांत शब्द लागत नव्हता. हा गाठ मारायचा, तो दोर कापायचा. कनाती उलगडल्या की धुळीचा लोट उठायचा आणि बायका खोकत खोकत झटकायला धावायच्या. एक खोली झाली. दुसरी. औषधांची, लसीकरणाची, रक्त तपासायची. अख्तरी सिस्टर प्रत्येकीत जाऊन, हात पसरून, टेबल कुठं आणि फ्रीज कुठं हे हवेत ठरवत होत्या.

"नाना," सुलेखा जवळ जाऊन म्हणाली. बारा दिवसांनी. "तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं. माझी चूक झाली."

बद्रीनाथनं गाठ आवळली. "झाली," तो म्हणाला. "मी बी किल्ली दाबली. फिटंफाट." मग पुढची गाठ घेत, "दोर धर. ढिला पडायलाय." तिनं दोर धरला. तिला इतकं हलकं वाटलं की दोर हातात नसता तर ती तिथंच खाली बसली असती.

पाच खोल्या झाल्या आणि कनाती संपल्या. म्हणजे होत्या, पण कसर लागलेल्या. सहावी खोली गरोदर बायांच्या तपासणीची, ती फाटक्या कापडानं कशी करायची? तेवढ्यात दारातून मनकर्णाबाई आली. मागून दोन बायांच्या खांद्यावर लाल-पिवळं कापड.

"घ्या," म्हातारी म्हणाली. "मला कशाला लागतोय आडपडदा ह्या वयात."

घरची कनात. बद्रीनाथनं ती हातात घेतली, टोकाची शिवण अंगठ्यानं चाचपली. मग त्यानं ती एका बांबूला बांधली आणि रामकिसन दुसरं टोक घेऊन चालत गेला. बांबू पंधरा फुटांवर रोवलेला. कनात तीन फूट अलीकडंच संपली.

"पुरंना, बद्री," रामकिसन म्हणाला. "बांबू आत घेऊ का?"

बद्रीनाथ त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला. भागूबाईची जागा, सरिताची जागा.

"नको घेऊ," तो म्हणाला. "आत जायला वाट लागतीच की. हे दार."

सुलेखाच्या यादीतली एक्केचाळिसावी, आठवा महिना लागलेली, सकाळपासून सगळीकडं सोबत फिरलेली बाई पहिली त्या दारातून आत गेली. कुणी सांगितलं नव्हतं. गेली, आत उभी राहिली आणि कनातीआडून डोकं काढून हसली.

अभियंत्यांनी टेप लावून तेही मोजून घेतलं. "तीन फूट. माणसाला पुरतं," ते म्हणाले. "स्ट्रेचरला मात्र अडचण होईल."

मंजुषानं बापाकडं बघितलं. डोळे अजून सुजलेले होते, पण त्यांत खोडी परत आली होती. "नाना, माझ्या पट्टीचं काय मग? आता तर कनात दवाखान्याची झाली."

"झाली तर झाली," बद्रीनाथ म्हणाला. त्यानं दोराचा शेवटचा वळसा घातला आणि हात झटकले. "सायेब, लिहून घ्या. पोरीचं लग्न होऊ द्या. दार दीड फुटानं रुंद करून देतो."